सीएपीएम देताय? रिक्वायरमेंटचा भाग शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका

सीएपीएम ही प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या सुरुवातीच्या प्रमाणपत्राची परीक्षा. तिची तयारी करणारे बरेच जण क्रिटिकल पाथची (प्रकल्पाचा एकूण वेळ ठरवणारी कामांची साखळी) गणितं घोटत बसतात आणि बिझनेस ॲनालिसिस, म्हणजे कोणाला नेमकं काय हवंय ती रिक्वायरमेंट काढून लिहिण्याचा भाग, मागे ठेवतात. हा हिशोब उलटा आहे. 2023 मध्ये परीक्षा घेणाऱ्या पीएमआयने (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) तिचा आराखडा बदलला. तेव्हापासून बिझनेस ॲनालिसिसला 27 टक्के, मूलभूत संकल्पनांना 36, अजाइलला (काम छोट्या टप्प्यांत, बदल सामावत करायची पद्धत) 20 आणि क्रिटिकल पाथ ज्यात येतो त्या प्रेडिक्टिव्ह (आधी पूर्ण आखणी करून चालायच्या) पद्धतींना अवघे 17 टक्के आहेत. 150 प्रश्नांपैकी 15 गुणांत धरत नाहीत. उरलेल्या 135 मधले साधारण 36 प्रश्न एकट्या बिझनेस ॲनालिसिसचे. आराखडा बदलण्याआधीच्या नोट्स आणि प्रश्नसंच स्वस्तात मिळतात, पण त्यात हा भाग असा नाही. 23 तासांचा सक्तीचा कोर्स निवडतानाही अभ्यासक्रमात हे चारही भाग आहेत ना, ते आधी बघा.

व्याख्या पाठ करून हा भाग सुटत नाही. एकच रिक्वायरमेंट घ्या आणि शेवटपर्यंत न्या. समजा, 300 फ्लॅटच्या सोसायटीला मेंटेनन्स भरायचं ॲप हवंय आणि मागणी आली, "पावती लगेच मिळावी."

"लगेच" म्हणजे किती, हे आधी विचारायचं. पण कोणाला आणि कसं? 300 सभासदांसाठी सर्वेक्षण. खजिनदाराशी मुलाखत. सेक्रेटरी आणि खजिनदाराचं जमत नसेल तर दोघांना समोरासमोर बसवून वर्कशॉप. ऑफिसातला क्लार्क पावतीपुस्तक कसं वापरतो ते मात्र शेजारी बसून बघायचं, कारण हाताच्या सवयीची कामं माणूस सांगताना गाळतो. परीक्षेतही प्रसंग देऊन पद्धत विचारतात.

मग स्टोरी (वापरणाऱ्याच्या शब्दांत एका वाक्यात गरज) लिहा: "सभासद म्हणून मला पैसे भरल्यावर पावती हवी, म्हणजे भरल्याचा पुरावा राहील." त्याखाली स्वीकृतीचे निकष, म्हणजे काय झालं की ती स्टोरी पूर्ण मानायची: रक्कम जमा झाल्यापासून 2 मिनिटांत ईमेल जातो, पावतीवर फ्लॅट क्रमांक, महिना आणि रक्कम असते, व्यवहार फसला तर पावती निघत नाही. हा तिसरा निकष हमखास राहतो, आणि पुढे भांडणं त्याच्यावरूनच होतात.

आता ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स, म्हणजे प्रत्येक गरज कुठून आली आणि कुठल्या टेस्टपर्यंत गेली ते दाखवणारा तक्ता. एक्सेलमध्ये सहा रकाने पुरतात: क्रमांक, मूळ गरज, कोणी मागितली, स्टोरी, टेस्ट, स्थिती. अशा पाच ओळी स्वतः भरा. मग "पावती व्हॉट्सॲपवरही हवी" असा बदल आला असं धरा आणि तो कुठल्या ओळींना, कुठल्या टेस्टला धक्का देतो ते शोधा. परीक्षेतल्या "आता सर्वात आधी काय कराल?" या प्रश्नाचं उत्तर इथे असतं: आधी परिणाम तपासायचा. पुढे प्रेडिक्टिव्ह प्रकल्पात चेंज कंट्रोलकडे (बदल मंजूर करायची ठरलेली प्रक्रिया) जायचं. अजाइलमध्ये बदल बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांची यादी) टाकायचा आणि त्याचा क्रम प्रॉडक्ट ओनर, म्हणजे उत्पादनाची जबाबदारी असलेला माणूस, ठरवतो. टीमला लगेच कामाला लावायचा पर्याय मोह पाडतो, पण बहुधा तोच चुकीचा निघतो.

दोन गल्लती नेहमीच्या. पहिली, भूमिकांची: उत्पादनाने काय करायला हवं हे बिझनेस ॲनालिस्ट बघतो, काम वेळेत आणि बजेटमध्ये बसवणं प्रोजेक्ट मॅनेजरकडे. लहान प्रकल्पात दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर असतात, तरी प्रश्न वाचताना त्या क्षणी कोणती टोपी चालू आहे ते ओळखा. दुसरी, डेफिनिशन ऑफ डन (काम झालं कधी म्हणायचं याची टीमची यादी) आणि स्वीकृतीचे निकष यांची. पहिली सगळ्या स्टोरींना सारखीच लागू, जसं कोड तपासला, टेस्ट पास झाली. निकष त्या एका स्टोरीपुरते, जसं वरची 2 मिनिटं.

सराव करताना घड्याळ लावा: तीन तासांत 150 म्हणजे प्रश्नामागे 72 सेकंद. प्रसंग लांबलचक असेल तर आधी शेवटचं वाक्य वाचा, मग वर जा.