होमरन मारलात, पण आऊट!

अमेरिकेत आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात ऑफिसातलं कुणीतरी विचारणार, "तुम्ही क्रिकेट खेळायचात ना? मग सॉफ्टबॉलला या की!" सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचाच भाऊ : चेंडू मारायचा आणि चार बेसना (मैदानावरच्या ठरलेल्या जागांना) फेरी मारून धाव काढायची. जरूर जा. फक्त बॅट हातात घेण्याआधी कॅप्टनला विचारून ठेवा : आपल्या लीगमध्ये होमरन (म्हणजे थेट जाळीपलीकडे मारलेला फटका, आपला षटकारच) किती चालतात?

मी विचारलं नव्हतं. बेसवर आमचे दोघं, मी चेंडू थेट जाळीपलीकडे पार्किंगमध्ये भिरकावला आणि हात उंचावून पळत सुटलो. अंपायर म्हणाला, आऊट! संघाचे तीन होमरन आधीच झाले होते, माझा चौथा. दोन्ही धावणारे मुकाट्याने आपापल्या बेसवर परत. (बॅटसुद्धा मी हातात घेऊनच पळत होतो, जुनी सवय. इथे ती टाकून पळायचं असतं.)

खरं तर आपल्याला हे नवीन नाही. वाड्यात "भिंतीपलीकडे डायरेक्ट गेला तर आऊट" हाच नियम होता, कारण पलीकडे कुणाच्या तरी खिडक्या होत्या. इथेही मैदानाशेजारी घरं आणि गाड्या असतात. पण मोठं कारण वेगळं. हौशी लीग बहुतेक स्लो-पिच असतात. चेंडू खालून, कमान करून टाकतात. यूएसए सॉफ्टबॉल या तिथल्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमांत तिची उंची 6 ते 10 फूट हवी. असा अलगद आलेला चेंडू आणि हातात कंपोझिट (लाकडाऐवजी कृत्रिम तंतूंची) बॅट, म्हणजे दणकट माणसाला 300 फुटांवरची जाळी फार लांब नाही. मर्यादा नसेल तर क्षेत्ररक्षण करणारे दहाजण नुसते आकाशाकडे बघत उभे राहतील.

नियम मात्र लीगगणिक बदलतो. कुठे सामन्याला ठरावीक आकडा, कुठे एकही नाही. कुठे 'वन-अप' : समोरच्या संघापेक्षा तुम्ही एकानेच पुढे जाऊ शकता, त्यांनी एक मारला की तुम्हाला आणखी एकाची मुभा. मर्यादेबाहेरच्या फटक्याला कुठे आऊट देतात, कुठे फक्त एक बेस, तर कुठे अख्खी इनिंगच संपवतात. हे शेवटचं आधी माहीत नसेल तर फार महाग पडतं.

जाळीच्या आत चेंडू राहिला आणि तुम्ही पळून चारही बेस पूर्ण केलेत, तर तो होमरन सहसा या मोजणीत धरत नाहीत. यूएसए सॉफ्टबॉलच्या नियमांत क्षेत्ररक्षकाच्या हाताला लागून पलीकडे गेलेला चेंडूही मोजत नाहीत. चारही बेस मिळतात, कोटा शाबूत.

कोटा संपला की षटकाराचा मोह सोडा. चेंडू खांद्याच्या उंचीने, दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून काढा. कव्हर ड्राइव्ह मारणाऱ्यांना हे लवकर जमतं, स्लॉग करणाऱ्यांना वेळ लागतो. आपली पाळी यायच्या आधी स्कोअरबुक असलेल्याला "किती उरले?" एवढं विचारून घ्या, डगआऊटमध्ये (संघाच्या बाकावर) कुणी हसत नाही, सगळेच विचारतात.

आणि काही ठिकाणी पलीकडे गेलेला चेंडू मारणाऱ्यालाच आणावा लागतो. तेही अगदी वाड्यासारखंच.