पॅलेस्टाइनला मान्यता: घोषणा, मतदान आणि शांततेची शक्यता कशी तपासावी

सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, पोर्तुगाल आणि फ्रान्स यांनी पॅलेस्टाइनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली. महिना संपला तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्यांपैकी १५७ देश मान्यता देणाऱ्यांत होते. त्याच दिवसांत गाझा शहरात इस्रायली रणगाडे पुढे सरकत होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, आणि म्हणूनच अशी बातमी वाचताना वाचकांचा गोंधळ उडतो. कुणी म्हणतो देश झाला, कुणी म्हणतो नुसता कागद. प्रत्येक घोषणेने नेमके काय बदलले आणि काय बदलले नाही, हे तपासून ठरवता येते. त्यासाठी काय पाहायचे ते पुढे दिले आहे.

मूळ निवेदन मिळवा

वाहिनीवरच्या मथळ्यावर थांबू नका. ज्या देशाने घोषणा केली त्याच्या पंतप्रधान कार्यालयाच्या किंवा परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर निवेदन असते आणि ते सहसा दोन-तीन पानांपेक्षा मोठे नसते. त्यात सर्वांत आधी क्रियापद पाहा. ‘मान्यता देत आहोत’, ‘मान्यता देणार आहोत’ आणि ‘अमुक झाले तर मान्यता देऊ’ ही तीन वेगळी विधाने आहेत. ब्रिटनने २९ जुलै २०२५ रोजी जे जाहीर केले ती मान्यता नव्हती. इस्रायलने गाझातली परिस्थिती सुधारण्यासाठी ठोस पावले उचलली नाहीत तर सप्टेंबरमध्ये मान्यता देऊ, असा तो इशारा होता. प्रत्यक्ष मान्यता २१ सप्टेंबरला दिली गेली. बेल्जियमने राजकीय पातळीवर मान्यता जाहीर केली, पण तिचा कायदेशीर अंमल हमासने धरलेल्या ओलिसांची सुटका आणि हमासची सत्तेतून हकालपट्टी या अटींना बांधून ठेवला. त्यामुळे १५७ च्या यादीत बेल्जियम सहसा धरला जात नाही.

दुसरे म्हणजे सीमेबद्दलचे वाक्य शोधा. बहुतेक निवेदनांत १९६७ च्या जूनमधील युद्धापूर्वीच्या रेषेचा उल्लेख असतो, म्हणजे जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा (वेस्ट बँक), पूर्व जेरुसलेम आणि गाझा पट्टी. हा भाग ब्रिटिश अमलाखालील जुन्या पॅलेस्टाइनच्या सुमारे २२ टक्के भरतो. पण ‘१९६७ च्या सीमा’ आणि ‘१९६७ च्या सीमांवर आधारित, समसमान भूभागाच्या अदलाबदलीसह’ यांत मोठे अंतर आहे. ब्रिटनने दुसऱ्या धर्तीची, तीही तात्पुरती सीमा मानली आणि अंतिम रेषा वाटाघाटींवर सोडली. जेरुसलेमबद्दल निवेदन गप्प असेल तर तेही टिपून ठेवा.

मान्यता कुणाला?

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. मान्यता राष्ट्राला दिली जाते, तिथे त्या वेळी राज्य करणाऱ्या सरकारला किंवा पक्षाला नाही. ‘पॅलेस्टाइनला मान्यता म्हणजे हमासला मान्यता’ हे विधान त्यामुळेच चूक आहे. तीन नावे वेगवेगळी ठेवा. पॅलेस्टाइन मुक्ती संघटना, म्हणजे पीएलओ, ही पॅलेस्टिनी जनतेची आंतरराष्ट्रीय प्रतिनिधी. १५ नोव्हेंबर १९८८ रोजी अल्जिअर्समध्ये यासर अराफत यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली ती तिच्याच परिषदेत. पॅलेस्टिनी प्राधिकरण हे इस्रायल आणि पीएलओ यांच्यातल्या ऑस्लो करारांतून १९९४ मध्ये जन्माला आलेले प्रशासन. आणि हमास हा पक्ष आणि सशस्त्र संघटना. तिने जानेवारी २००६ ची निवडणूक जिंकली आणि जून २००७ मध्ये गाझाचा ताबा घेतला.

राष्ट्र म्हणण्याचे निकष कोणते? १९३३ च्या मोन्तेविदेओ करारात चार दिले आहेत: कायम लोकसंख्या, निश्चित भूभाग, सरकार आणि इतर राष्ट्रांशी संबंध ठेवण्याची क्षमता. पॅलेस्टाइनच्या बाबतीत पहिला निर्विवाद आहे आणि चौथा रोजच्या व्यवहारात दिसतो. वाद दुसऱ्या-तिसऱ्यावर आहे, कारण जमिनीवरचा ताबा दुसऱ्याकडे आहे. मात्र सीमेचा वाद असणे म्हणजे राष्ट्र नसणे, असा नियम नाही. ११ मे १९४९ रोजी इस्रायलला संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला तेव्हा त्याच्याही सीमा अंतिम ठरलेल्या नव्हत्या. ‘आधी सीमा ठरू द्या, मग मान्यता’ असा युक्तिवाद समोर आला की ही तारीख आठवावी.

मान्यता वेगळी, राजनैतिक संबंध वेगळे

राजनैतिक संबंध १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार दोन्ही बाजूंच्या संमतीने जुळतात. मान्यता ही एकतर्फी असू शकते. भारताचा स्वतःचा इतिहास याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. भारताने १७ सप्टेंबर १९५० रोजी इस्रायलला मान्यता दिली, पण पूर्ण राजनैतिक संबंध जुळले जानेवारी १९९२ मध्ये. मधल्या काळात इस्रायलची भारतातली खिडकी म्हणजे मुंबईतला वाणिज्य दूतावास, १९५३ पासूनचा. म्हणून घोषणा झाली की पुढच्या काही महिन्यांत हे शोधा: पॅलेस्टिनी प्रतिनिधी कार्यालयाचा दर्जा दूतावासाचा झाला का, राजदूताने तिथल्या राष्ट्रप्रमुखांना अधिकारपत्रे सादर केली का, आणि त्या देशाने आपला राजदूत नेमला का. हा शेवटचा टप्पा अवघड आहे. प्राधिकरणाचे मुख्यालय असलेल्या, पश्चिम किनाऱ्यावरच्या रामल्लामध्ये कार्यालय उघडायचे तरी तिथे पोहोचण्याचे रस्ते आणि परवानग्या इस्रायलच्या हातात असतात.

संयुक्त राष्ट्रांचे मतदान कसे वाचावे

पूर्ण सदस्यत्वाचा मार्ग सनदेच्या चौथ्या कलमात आहे. अर्ज महासचिवांकडे जातो, तिथून सुरक्षा परिषदेच्या नव्या सदस्यांविषयीच्या समितीकडे. मग परिषदेच्या १५ पैकी किमान ९ मते बाजूने हवीत आणि पाच कायम सदस्यांपैकी एकाचाही नकाराधिकार नको. त्यानंतर महासभेत उपस्थित राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत लागते. तटस्थ राहणारे या हिशेबात धरले जात नाहीत.

पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांनी २३ सप्टेंबर २०११ रोजी अर्ज दिला. समितीत एकमत झाले नाही आणि तो तसाच राहिला. १८ एप्रिल २०२४ रोजी परिषदेत प्रत्यक्ष मतदान झाले: १२ बाजूने, ब्रिटन व स्वित्झर्लंड तटस्थ, अमेरिका विरोधात. १२ मते असूनही ठराव पडला, कारण ते एक विरोधी मत कायम सदस्याचे होते. आज पाच कायम सदस्यांपैकी चौघांची मान्यता आहे. तरीही सदस्यत्वाचे दार अमेरिकेच्या मतावरच अडलेले आहे. महासभेत १५७ चे १७० झाले तरी ते उघडणार नाही.

महासभा काय करू शकते तेही पाहा, कारण ते थोडे नाही. २९ नोव्हेंबर २०१२ च्या ठरावाने (१३८ विरुद्ध ९, तटस्थ ४१) पॅलेस्टाइन सदस्य नसलेले निरीक्षक राष्ट्र झाले. हा बदल शब्दापुरता नव्हता. त्याच्या जोरावर पॅलेस्टाइन अनेक आंतरराष्ट्रीय करारांत सामील झाला आणि १ एप्रिल २०१५ पासून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्य बनला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या न्यायालयाने इस्रायलचे तेव्हाचे पंतप्रधान बेन्यामिन नेतान्याहू आणि माजी संरक्षणमंत्री योआव गॅलंट यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढले, त्याची कायदेशीर वाट या दर्जातून गेली. ‘प्रतीकात्मक’ हा शब्द वापरण्यापूर्वी ही साखळी डोळ्यांसमोर ठेवा. मे २०२४ च्या ठरावाने (१४३ विरुद्ध ९, तटस्थ २५) पॅलेस्टाइनला सभागृहात सदस्यांच्या वर्णक्रमात बसण्याचा, प्रस्ताव मांडण्याचा हक्क दिला, मताचा नाही.

यादी करताना कुठे चुकते

मान्यता आणि मतदान एकाच रकान्यात लिहू नका. अर्जेंटिनाने २०१० मध्ये मान्यता दिली आणि मे २०२४ च्या ठरावाविरुद्ध मत दिले. हंगेरीची मान्यता १९८८ पासूनची, तरी त्या ठरावाला तिचाही विरोध होता. उलट कॅनडाने २०१२ मध्ये विरोधात मत दिले आणि २०२५ मध्ये मान्यता दिली. सरकारे बदलतात, मते बदलतात. दिलेली मान्यता मात्र सहसा मागे घेतली जात नाही. संख्येतही फरक दिसतो, कारण काही याद्यांत संयुक्त राष्ट्रांचा सदस्य नसलेले व्हॅटिकन मोजले जाते. तुमच्या वहीत चार रकाने पुरेत: तारीख, अट, सीमेचे शब्द आणि त्यानंतरची कृती.

चौथा रकाना महत्त्वाचा

मान्यता दिली, मग पुढे काय केले? आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९ जुलै २०२४ च्या सल्लागार मतात इस्रायलचा ताबा बेकायदेशीर ठरवला आणि इतर देशांनी तो टिकवायला मदत करू नये, इस्रायल आणि व्याप्त प्रदेश यांत व्यवहारात भेद करावा, असे सांगितले. याची चाचणी सोपी आहे: व्याप्त प्रदेशातल्या इस्रायली वसाहतींत तयार झालेल्या मालाचे तो देश काय करतो? स्लोव्हेनियाने २०२४ मध्ये मान्यता दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये असा माल आणण्यावर बंदी घातली. स्पेननेही सप्टेंबर २०२५ मध्ये शस्त्रबंदीसोबत तसाच निर्णय घेतला. मान्यता देऊन व्यापार, शस्त्रपुरवठा, व्हिसा यांत काहीच न बदलणाऱ्या देशाची घोषणा कमी वजनाची मानावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शांततेची शक्यता मोजायची तर जमिनीकडे बघा

१९९५ च्या दुसऱ्या ऑस्लो कराराने पश्चिम किनाऱ्याचे तीन भाग केले. ‘अ’ सुमारे १८ टक्के, तिथे प्रशासन आणि पोलीस पॅलेस्टिनी. ‘ब’ सुमारे २२ टक्के, तिथे प्रशासन पॅलेस्टिनी पण सुरक्षेची सूत्रे इस्रायलकडे. ‘क’ सुमारे ६० टक्के, पूर्णपणे इस्रायलच्या ताब्यात. पाच वर्षांची ही तात्पुरती व्यवस्था तीस वर्षे उलटली तरी चालू आहे. पॅलेस्टिनी गावे-शहरे ‘अ’ आणि ‘ब’ मध्ये बेटांसारखी तुटक आहेत, त्यांना जोडणारी शेती, रस्ते आणि पाण्याचे साठे ‘क’ मध्ये. म्हणून वसाहतीची बातमी आली की घरांची संख्या नंतर पाहा, आधी नकाशावर जागा शोधा. पूर्व जेरुसलेम आणि माले अदुमिम ही इस्रायली वसाहत यांच्यामधल्या ई-१ या पट्ट्यात सुमारे ३,४०० घरांना ऑगस्ट २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. पश्चिम किनाऱ्यातल्या सुमारे सात लाख वसाहतवाल्यांच्या (पूर्व जेरुसलेम धरून) तुलनेत आकडा लहान आहे. पण जागा अशी आहे की रामल्ला, पूर्व जेरुसलेम आणि बेथलेहेम यांचा सलग पट्टाच तुटतो. इतरत्र हजारो घरांनी जे होणार नाही ते इथे होते.

दुसरी खूण पैशाची, आणि वर्तमानपत्रांत तिला फारच कमी जागा मिळते. १९९४ च्या पॅरिस करारानुसार पॅलेस्टाइनकडे येणाऱ्या मालावरचा कर इस्रायल गोळा करतो, ३ टक्के शुल्क कापून घेतो आणि उरलेला प्राधिकरणाला देतो. प्राधिकरणाच्या महसुलाचा सुमारे दोन तृतीयांश भाग यातून येतो. २०२५ मध्ये ही रक्कम महिनोन्‌महिने अडवली गेली. शिक्षक, डॉक्टर, पोलीस यांना अर्धे-मुर्धे पगार मिळाले. मान्यता देणारे देश ‘सक्षम प्राधिकरण हवे’ म्हणतात तेव्हा हा नळ कोण चालू-बंद करतो, ते त्याच परिच्छेदात विचारले पाहिजे.

पॅलेस्टिनी बाजूची खूण म्हणजे निवडणूक. अध्यक्षपदाची शेवटची निवडणूक जानेवारी २००५ मध्ये झाली, कायदेमंडळाची एक वर्षाने. २०२१ ची ठरलेली निवडणूक पूर्व जेरुसलेममधल्या मतदानाचे कारण देऊन पुढे ढकलली गेली. फ्रान्स-सौदी अरेबियाच्या पुढाकाराने तयार झालेल्या आणि महासभेने १२ सप्टेंबर २०२५ रोजी १४२ विरुद्ध १० मतांनी स्वीकारलेल्या न्यू यॉर्क घोषणापत्रात हमासने शस्त्रे प्राधिकरणाकडे द्यावीत आणि युद्धविरामानंतर वर्षभरात निवडणुका व्हाव्यात, हे दोन्ही आहे.

इस्रायली बाजूला संसदेचे ठराव पाहा: जुलै २०२४ मध्ये नेसेटने पॅलेस्टिनी राष्ट्राला विरोध करणारा ठराव ६८ विरुद्ध ९ असा मंजूर केला. इतका एकतर्फी आकडा केवळ एका पंतप्रधानाच्या भूमिकेने स्पष्ट होत नाही; हमासच्या ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर विरोधी पक्षांतही या प्रश्नावर फारशी साथ उरलेली नाही. हे लक्षात न घेता ‘सरकार बदलले की तोडगा’ असे लिहिणे उतावीळपणाचे आहे.

गाझासाठी सुरक्षा परिषदेचा १७ नोव्हेंबर २०२५ चा ठराव क्रमांक २८०३ वाचायला हवा. १३ मते बाजूने, रशिया आणि चीन तटस्थ. त्यात आंतरराष्ट्रीय स्थैर्य दल आणि शांतता मंडळ आहे. पॅलेस्टिनी राष्ट्राचा उल्लेख मात्र प्राधिकरणातील सुधारणा आणि पुनर्बांधणी यांच्या अटींमागे ठेवलेला आहे, आणि मुदत दिलेली नाही.

भारताची भूमिका तपासायची असेल तर

भारताने पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या १९४७ च्या ठरावाविरुद्ध मत दिले, १९७४ मध्ये पीएलओला पॅलेस्टिनी जनतेची प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली आणि अल्जिअर्सच्या घोषणेनंतर तीन दिवसांत, १८ नोव्हेंबर १९८८ रोजी, पॅलेस्टाइनलाही. भारताचे प्रतिनिधी कार्यालय १९९६ मध्ये गाझात उघडले आणि २००३ मध्ये रामल्लाला हलले. सदस्यत्वाच्या आणि द्विराष्ट्र तोडग्याच्या (इस्रायल व पॅलेस्टाइन अशी शेजारी दोन राष्ट्रे) ठरावांना भारत बाजूने मत देतो: २०१२, मे २०२४, सप्टेंबर २०२५. पण ताबा १२ महिन्यांत संपवा म्हणणाऱ्या सप्टेंबर २०२४ च्या ठरावावर आणि जून २०२५ च्या युद्धविरामाच्या ठरावावर तो तटस्थ राहिला. म्हणजे तत्त्वाला होकार, मुदत किंवा दबाव आला की मौन. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर लोकसभा-राज्यसभेतील प्रश्नांची लेखी उत्तरे असतात. तिथे ‘पॅलेस्टाइन’ शोधा आणि लागोपाठच्या अधिवेशनांतली उत्तरे शेजारी ठेवून वाचा. कोणते वाक्य गळाले आणि कोणते नवे आले, हे लगेच दिसते. तुमच्या खासदाराला पुढचा प्रश्न सुचवायचा असेल तर तो वसाहतींतल्या मालाबद्दल आणि शस्त्रव्यवहाराबद्दल सुचवा. मान्यतेबद्दल विचारले तर १९८८ ची तारीख उत्तरात येईल आणि विषय तिथेच संपेल.