पंधरा किलोचा बॉक्स आणि व्हरांड्यातला समुद्र

सांगलीतल्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला मी दर शनिवारी दोन तास घेतो. विषय, परदेशात धंदा कसा सुरू करायचा. मी मूळचा मास्तर नव्हे. बेदाण्याच्या निर्यातीची कागदपत्रं करण्यात बावीस वर्षं गेली, त्या भांडवलावर शिकवतोय. दुसऱ्या एका कॉलेजातल्या मॅडमनी परवा विचारलं, ‘तुम्ही वर्गात नेमकं करता काय?’ म्हणून हे लिहायला बसलो.

पहिल्या तासाला फळ्याला हात लावू नका. मी तासगावातून बेदाण्याचा पंधरा किलोचा बॉक्स आणतो, टेबलावर फोडतो आणि मूठमूठ वाटतो. निम्म्या पोरांच्या घरी द्राक्षबाग असते. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, हे त्यांना सांगावं लागत नाही. मग विचारायचं, ‘आपण याला बेदाणा म्हणतो. कस्टमवाला काय म्हणेल?’ तिथून एचएस कोड निघतो, म्हणजे कस्टमसाठी प्रत्येक मालाला दिलेला आकडी क्रमांक. ताजी द्राक्षं ०८०६१०, बेदाणा ०८०६२०, हळद ०९१०३०. हे पहिले सहा आकडे जगभर जवळपास सगळीकडे सारखेच, पुढचे प्रत्येक देशाचे आपापले. एका मुलीनं आईच्या शेंगदाणा चटणीचा कोड शोधायला घेतला. ती मसाल्यात बसते, की शेंगदाण्याच्या पदार्थात? अर्धा तास वर्ग भांडला. भांडू द्यावं. ड्यूटी किती लागणार ते त्या भांडणावरच ठरतं.

दुसरा प्रश्न, कुठल्या देशात विकणार? सगळे एका सुरात ‘दुबई’ म्हणतात. ते उत्तर मी घेत नाही. तिथं कोण खातं, कधी खातं आणि आज कुणाचा माल खातं, हे लिहून आणायला सांगतो. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तानचा बेदाणा तिथं आधीच मांडलेला असतो. आता ‘कधी’चं बघा. आखातात रमजानच्या आधी सुक्या मेव्याला उठाव असतो, आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२६ साली तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात लागतो. आपल्याकडे तेव्हा नवा बेदाणा शेडमधल्या जाळीवर वाळत असतो. म्हणजे रमजानला जाणारा माल गेल्या हंगामाचा, कोल्ड स्टोरेजमधला. मग त्याचं भाडं किती, त्यात अडकलेल्या पैशाचं व्याज किती आणि रंग किती टिकला, असं एकातून एक निघत जातं. कॅलेंडर आणि पावतीपुस्तक समोर ठेवलं की पोरं हे स्वतःच काढतात.

एक भ्रम मात्र लवकर काढा. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, हळदीला २०१८ साली, मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली. पोरांना वाटतं, आता गिऱ्हाईक दारात येणार. जीआयनं नावाला संरक्षण मिळतं, ऑर्डर आपल्यालाच आणावी लागते. तानपुऱ्याचंच घ्या. परदेशातला विद्यार्थी आधी विचारतो, भोपळा फुटला तर काय? तिकडचा कस्टमवाला विचारतो, तारांखालची घोडी हाडाची आहे की कृत्रिम? ही दोन उत्तरं तयार असलेला कारागीर पुढे जातो.

आता माझा आवडता तास. व्हरांड्यात खडूनं पाच रेघा मारा. सांगलीतलं गोडाऊन, न्हावा शेवा बंदराचं यार्ड, बोट, दुबईचं जबेल अली बंदर, गिऱ्हाइकाचं गोडाऊन. बोट आणि जबेल अलीच्या मधे निळ्या खडूनं समुद्र. एक जण विकणारा, एक घेणारा आणि एक धडधाकट पोरगा बॉक्स घेऊन चालणारा. सौदा सीआयएफ, म्हणजे बोटीचं भाडं आणि विमा विकणाऱ्यानं भरायचा. गेल्या वर्षी तो पोरगा समुद्राच्या मध्यात गेल्यावर मी ‘टाक!’ म्हणालो. त्यानं खरंच टाकला. बेदाणे पार जिन्यापर्यंत. मागून आवाज आला, ‘सर, बुडालं की वो!’

‘कुणाचं बुडालं?’

सगळे म्हणाले, विकणाऱ्याचं. चूक. माल बोटीवर चढला तिथंच जोखीम घेणाऱ्याकडे गेली. विमा विकणाऱ्यानं उतरवला, पण भरपाई मागायची घेणाऱ्यानं. मग तोच बॉक्स यार्डात पाडायचा. आता नुकसान विकणाऱ्याचं, आणि एफओबी (बोटीचं भाडं आणि विमा घेणाऱ्याकडे) असतं तरी त्याचंच. कंटेनर यार्डात सोडल्यावर आपण त्याला हातही लावू शकत नाही, तरी बोटीवर चढेपर्यंत जबाबदारी आपली. म्हणून कंटेनरच्या मालाला एफसीए (ठरल्या जागी वाहतूकदाराच्या ताब्यात माल दिला की जबाबदारी संपली) बरं, हे या पडझडीनंतर लगेच पटतं. इनकोटर्म्स २०२० या सौद्याच्या अटींच्या आंतरराष्ट्रीय यादीत अकरा अटी आहेत. अकराही शिकवू नका. एक्स वर्क्स (माल आपल्या गोडाऊनातून घेणाऱ्यानंच न्यायचा), एफसीए, एफओबी, सीआयएफ एवढ्या पुरेत, डीडीपीची (तिकडच्या ड्यूटीसकट सगळं विकणाऱ्यानं भरायचं) फक्त भीती घालून ठेवा. (व्हरांडा झाडायची जबाबदारी कुणाची, हेही आधी ठरवून घ्या. आमच्या शिपाईमामांनी मला दोन आठवडे ओळख दाखवली नव्हती.)

पैशाचा धडा घरापासून सुरू करावा. वडील सौद्याला माल लावतात, तेव्हा पैसे कुणाच्या भरवशावर सोडतात? अडत्याच्या. अडत्याला आपण ओळखतो, त्याच्या घरच्या लग्नात जेवून आलेलो असतो. हॅम्बुर्गच्या माणसाकडे कोण जेवलंय? तिथं अडत्याच्या जागी बँक उभी राहते, लेटर ऑफ क्रेडिट (एलसी) घेऊन, म्हणजे ठरलेले कागद बरोबर दिले की पैसे देण्याची हमी घेऊन. फरक एवढाच, की हा अडत्या माल बघत नाही, फक्त कागद बघतो. एलसीच्या यूसीपी ६०० या नियमावलीत ते सरळ लिहिलंय.

हे मी स्वतःचे पैसे घालवून शिकलो. आखातात पाठवलेला माल उत्तम होता, गिऱ्हाइकाची तक्रार नव्हती. पण माल चढल्यापासून २१ दिवसांत कागद बँकेत द्यायचे असतात, ते मी तेविसाव्या दिवशी दिले. मधे दिवाळी आली, दुसरं काही नाही. शिवाय एलसीत मालाचं वर्णन एक होतं, माझ्या इनव्हॉइसवर त्याचं आखूड रूप. बँकेनं बोट ठेवलं, गिऱ्हाइकाला बाजार पडलेला दिसत होताच, त्यानं सूट मागितली आणि मी दिली. कंटेनर तिकडच्या बंदरात भाडं खात उभा असताना माणूस घासाघीस करत नाही.

एलसीखेरीज आगाऊ पैसे, कागदांबदल्यात पैसे आणि उधारी हे तीन प्रकार सांगा, उधारीबरोबर ईसीजीसी या सरकारी कंपनीचा, गिऱ्हाइकानं पैसे बुडवले तर कामी येणारा विमा सांगा. आणखी एक. ‘आमचं बँक खातं बदललं’ असा ईमेल आला, तर जुन्या नंबरवर फोन करून खात्री करायची. हे मी वहीत लिहूनच घेतो.

नोंदणीला एक तास भरपूर. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक, डीजीएफटी या केंद्राच्या परदेशी व्यापार खात्याच्या पोर्टलवर निघतो, फी ५०० रुपये, नंबर म्हणजे आपला पॅनच. बेदाण्याला अपेडा या सरकारी संस्थेची नोंदणी, हळदीला स्पायसेस बोर्डाची, जीएसटी न भरता माल पाठवायला एलयूटी हे हमीपत्र, आणि कस्टमकडे नोंदवायचा बँकेचा एडी कोड. अख्ख्या वर्गाचे आयईसी काढून फोटो काढायची एक पद्धत पडलीय, ती मला पटत नाही. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अपडेट करावा लागतो, नाहीतर बंद पडतो. पोरानं गिऱ्हाइकाचा पहिला ईमेल दाखवला की मग काढा.

परीक्षेला मी प्रश्नपत्रिका काढत नाही. माझ्या त्या बुडीत सौद्याच्या कागदांच्या झेरॉक्स देतो, नावं खोडून. एलसी, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (माल बोटीवर चढल्याची पावती), विम्याचं सर्टिफिकेट. वेळ चाळीस मिनिटं, चुका शोधा. मला तीन माहीत होत्या: उशीर, वर्णन, आणि विमा मालाच्या किमतीच्या ११० टक्क्यांऐवजी १०० टक्क्यांचाच. गेल्या मार्चमध्ये त्या चटणीवाल्या मुलीनं पेपर देताना विचारलं, ‘सर, विम्याची तारीख बोटीच्या तारखेनंतरची कशी?’

मी झेरॉक्स खिडकीपाशी नेऊन पाहिली. दोन दिवस नंतरची होती.