ब्युटी पोर्ट्रेटच्या आदल्या रात्रीची तयारी: एक लाईट आणि थर्माकोलची एक शीट

शूट उद्या सकाळी असेल तर खोली आज रात्रीच लावून ठेवायची, हे पहिलं. मॉडेल तयार होऊन स्टुलावर बसलीये आणि आपण स्टँडचे स्क्रू पिळतोय, फ्लॅश पेटवणारा ट्रिगर का चालत नाही बघतोय, तोवर तिच्या ओठांवर घाम आलेला असतो आणि मेकअपवाल्या ताईंची दोन तासांची मेहनत वाया जायला लागते. मी बहुतेक ब्रायडल लुकचे पोर्टफोलिओ करतो, नथ, चंद्रकोर, पैठणी असे, आणि ते स्टुडिओत कमी, कुणाच्या तरी घरातल्या १० बाय १२ च्या खोलीत जास्त, त्यामुळे ही यादी तसल्या जागेची आहे.

खोलीत गेल्यावर आधी भिंती बघा. एकदा मी गुलाबी भिंतीला लागून स्टूल ठेवला, कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर काही कळलं नाही, घरी येऊन लॅपटॉपवर उघडलं तर सगळ्या फोटोंत डावा गाल आणि जबडा गुलाबी, आणि ते एकेका फोटोत दुरुस्त करत दोन रात्री गेल्या. तेव्हापासून रंगीत भिंत असली की काळी चादर टांगतो, नाहीतर भिंतीपासून लांब सरकतो. मॉडेलच्या मागे बॅकग्राउंडपर्यंत निदान ४-५ फूट सोडायचे म्हणजे तिची सावली मागे पडत नाही. ट्यूबलाइट, बल्ब बंद, खिडकीला जाड पडदा. मग फ्लॅश बंद ठेवून ठरवलेल्या सेटिंगवर (खाली दिलीये) एक फोटो काढा, तो पूर्ण काळा आला पाहिजे. काही दिसत असेल तर बाहेरचा उजेड कुठूनतरी फोटोत येतोय, तो शोधून झाका.

आता लाईट. ३००-४०० वॉट-सेकंदचा एक स्ट्रोब, म्हणजे स्टुडिओचा मोठा फ्लॅश, भरपूर झाला, त्यावर ५५ सेंटीमीटरची पांढरी ब्युटी डिश (उथळ ताटलीसारखा रिफ्लेक्टर) किंवा ८०-९० चा ऑक्टाबॉक्स (आठ बाजूंचा, पांढऱ्या कापडाचा सॉफ्टबॉक्स). भाड्याने आणणार असाल तर दुकानातच जोडून बघा, बहुतेक सामान बोवेन्स माउंटचं, म्हणजे डिश लाईटला अडकवायच्या त्या कंपनीच्या खाचेचं, असतं (ती ब्रिटिश कंपनी २०१७ मध्येच बंद पडली, पण माउंट अजून सगळीकडे आहे), तरी छोटे बॅटरीवाले फ्लॅश वेगळा ब्रॅकेट मागतात. लाईट बरोबर चेहऱ्यासमोर, कॅमेऱ्याच्या वर, साधारण ४५ अंश खाली झुकवलेला, बूम आर्मवर (स्टँडला जोडलेला आडवा दांडा), म्हणजे स्टँड मधे येत नाही. उंची बरोबर आहे का हे नाकाखालची सावली सांगते. तिथे फुलपाखरासारखी छोटी सावली हवी, ती ओठाला टेकली तर लाईट फार वर गेलाय, सावलीच नसेल तर फार खाली आहे. चेहऱ्यापासून अंतर २ ते ३ फूट, आणि हे अंतर दिवसभर सांभाळायचं, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड पाव उरतो आणि वर कडकही होतो. मी लाईटच्या कडेलाच एक सुतळी बांधलीये, तिला अडीच फुटांवर गाठ आहे. चहाच्या ब्रेकनंतर मॉडेल परत बसली की सुतळी ताणायची, गाठ हनुवटीपाशी आली की झालं.

खाली, छातीच्या उंचीवर, फ्रेमच्या जरा बाहेर थर्माकोल. स्टेशनरीच्या दुकानातून जाड शीट घ्या, २ बाय ३ फूट कापा, एका बाजूला काळा चार्ट पेपर चिकटवा. पांढरी बाजू वर ठेवली की डोळ्याखालची आणि हनुवटीखालची सावली भरून निघते, यालाच क्लॅमशेल म्हणतात. खालचा उजेड वरच्यापेक्षा कमीच हवा, एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). डोळ्यात झूम करून बघा, वर एक ठळक चमक आणि खाली एक मंद चमक दिसली पाहिजे. दोन्ही सारख्या दिसल्या तर चेहरा खालून टॉर्च मारल्यासारखा होतो, थर्माकोल खाली सरकवा. काळी बाजू गालाजवळ उभी केली की जबड्याची रेघ उठून येते. चंदेरी रिफ्लेक्टर सुरुवातीला नको, त्याने त्वचा तेलकट दिसते.

दुसरा लाईट फक्त काळे केस मागच्या काळोखात बुडत असतील तरच, मागून तिरका स्ट्रिपबॉक्स (अरुंद, लांबट सॉफ्टबॉक्स), उजेड पसरू न देणारी ग्रिडची जाळी लावून, अगदी कमी पॉवरवर. अंबाड्यात गजरा असेल तर अजून कमी, कारण मोगऱ्याचा पांढरा लगेच फाटतो आणि मग एक पाकळीसुद्धा ओळखू येत नाही.

कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, शटर १/१६०, ॲपर्चर एफ ८ पासून पुढे, रॉ फाइल, व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनला फिक्स आणि पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (नंतर रंग जुळवायला लागणारं करडं कार्ड). लेन्स ८५ किंवा १०० मिलिमीटर, नसेल तर क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५० चालते, पण फार जवळ जाऊ नका, नाक मोठं येतं. आणि एक कळकळीने सांगतो, घरचे म्हणतील जरा गोरी दाखव, म्हणून एक्स्पोजर वाढवू नका. सावळ्या कांतीवर मोठ्या सॉफ्ट लाईटची जी चमक गालाच्या हाडावर येते ना, ती उजेड वाढवला की आधी मरते, आणि तिच्यासाठीच तर सगळी मांडामांड केली होती.

मेकअपवाल्या ताईंना आदल्या दिवशीच फोन करा. सनस्क्रीन असलेला प्रायमर किंवा फाउंडेशन नको म्हणावं, त्यातल्या झिंक ऑक्साइड नाहीतर टायटॅनियम डायॉक्साइडमुळे समोरच्या फ्लॅशमध्ये चेहरा पांढरट दिसतो. सिलिकाच्या पावडरीचंही तेच, म्हणून पावडर लावून झाली की लगेच एक टेस्ट फोटो. सेटवर ब्लॉटिंग पेपर, कापसाचे इअरबड्स, सेफ्टी पिना, टिकल्यांचं जास्तीचं पाकीट. नथीचे मोती मऊ कापडाने पुसा, बोटांचे ठसे क्लोजअपमध्ये दिसतात, आणि तुम्ही काळा टीशर्ट घाला, पांढरा शर्ट मोत्यात जसाच्या तसा उमटतो.

बॅगेत ट्रिगरचे सेल दोन जोड, रिकामी कार्डं, टेप, कपड्यांचे चिमटे, लांब एक्स्टेंशन बोर्ड (एसीच्या पॉइंटवर लावू नका). बूमच्या स्टँडला वजन लागतंच, सँडबॅग नसेल तर ५ लिटरचा पाण्याचा भरलेला कॅन बांधा, तो लाईट मॉडेलच्या डोक्यावर असतो हे विसरू नका.

सगळं लागलं की घरातल्या कुणालातरी, बहीण असो वा आई, पाच मिनिटं स्टुलावर बसवा, दहा फोटो काढा, लॅपटॉपवर उघडून डोळे, नाकाखालची सावली आणि गळा बघा. जमलं की पॉवर, उंची, अंतर कागदावर लिहून तो कागद टेपने स्टँडला चिकटवा, स्टूलाच्या पायांभोवती फरशीवर टेपच्या खुणा करा आणि सेल चार्जिंगला लावा.