‘मार्कर बदलला’ म्हणण्याआधी या चुका टाळा

“मार्कर बदलला!” म्हणत कोणी डॉट प्लॉट (एकेक पेशी मोजून काढलेला ठिपक्यांचा आलेख) घेऊन आलं की माझा प्रश्न ठरलेला असतो: पेशी तरी त्याच आहेत का? मार्कर म्हणजे पेशीची ओळख सांगणारं पृष्ठभागावरचं प्रथिन, रंगीत अँटिबॉडी लावून मोजलेलं.

उंदराची अस्थिमज्जा फ्लास्कमध्ये टाकल्यावर प्लास्टिकला चिकटतं ते सगळं मेसेन्कायमल (हाड, चरबी, कूर्चा बनवू शकणाऱ्या पेशी) नसतं. मॅक्रोफेजही (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) चिकटतात आणि कित्येक पॅसेज (पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या फेऱ्या) मुक्काम ठोकतात. आमच्याकडच्या एका नवशिक्याला पहिल्या पॅसेजला निम्म्याहून जास्त पेशी सीडी४५ (रक्तपेशींचा मार्कर) पॉझिटिव्ह मिळाल्या, पाचव्याला जवळजवळ शून्य. गड्याने पोस्टरच्या मथळ्यात ‘रूपांतर’ छापूनही टाकलं. पहिल्या पॅसेजच्या गोठवलेल्या पेशी काढून सीडी११बी आणि एफ४/८० हे मॅक्रोफेजचे मार्कर लावायला सांगितलं, तर सीडी४५वाल्या जवळपास सगळ्या मॅक्रोफेज निघाल्या. रूपांतर कसलं? त्या मागे पडल्या, लांबट मेसेन्कायमल पेशी वाढत गेल्या, एवढंच. पोस्टर पुन्हा छापलं.

तेव्हापासून माझी सवय: ट्रिप्सिन (चिकटलेल्या पेशी सोडवणारं एन्झाइम) दोन-तीन मिनिटं, सुटतील त्या पेशी आपल्या. मॅक्रोफेज हट्टाने चिकटून बसतात, बसू द्यायच्या. सेल स्क्रेपरने खरवडून पेशींचा आकडा फुगवणारे नेमकं नको तेच गोळा करतात. शिवाय ट्रिप्सिन रेंगाळलं की पृष्ठभागावरची काही प्रथिनंही कापली जातात आणि ‘मार्कर गेला’ अशी बोंब होते. शंका असेल तर ताजी मज्जा घ्या, अर्धी ट्रिप्सिनमध्ये घाला, अर्धी तशीच रंगवा. तासाभराचं काम, पण घाई असलेल्यांना तेवढाही धीर नसतो.

रक्तपेशी बनवणाऱ्या स्टेम सेल वाढवत असाल तर मीडियममधला एससीएफ (पेशी वाढवणारा घटक) विसरू नका. तो सी-किट या स्टेम सेल मार्करचाच लिगँड, म्हणजे त्याला जोडला जाणारा रेणू. जोडला गेला की रिसेप्टर पेशीच्या आत ओढला जातो, वरून सी-किट कमी दिसतं. उलट इंटरफेरॉनने स्का-१ (दुसरा स्टेम सेल मार्कर) वाढतं, आणि एरवी स्का-१ नसलेल्या प्रोजेनिटर (स्टेम सेलच्या पुढच्या टप्प्यातल्या) पेशी खुशाल एलएसके गेटात येऊन बसतात. हा गेट म्हणजे प्रौढ रक्तपेशींचे मार्कर नसलेल्या, पण स्का-१ आणि सी-किट असलेल्या पेशींसाठी प्लॉटवर आखलेली चौकट. गेटातली गर्दी पाहून ‘स्टेम सेल दुप्पट झाल्या’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. किरणोत्सर्ग दिलेल्या उंदरात त्या पेशी टोचा, रक्त परत उभं राहतंय का, किती महिने टिकतंय ते बघा. सीडी३४ या मार्करचंही तसंच: प्रौढ उंदराची शांत स्टेम सेल सीडी३४ निगेटिव्ह असते, चेतवली की पॉझिटिव्ह होते.

बाकीच्या चुका नेहमीच्याच. सीडी७३, सीडी९०, सीडी१०५ ही मेसेन्कायमल मार्करची २००६ची यादी माणसाच्या पेशींसाठी आहे, उंदराला जशीच्या तशी लावू नका. बॅल्ब-सी जातीच्या उंदरात स्का-१ मुळातच फिकं, त्याची तुलना ब्लॅक-६ जातीशी नको. मेलेल्या पेशी कोणतीही अँटिबॉडी चिकटवून घेतात, त्या ओळखू देणारा ७-एएडी रंग घाला. एफसी ब्लॉक (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू न देणारं द्रावण) ‘या वेळी राहू दे’ म्हणून गाळू नका. अँटिबॉडीचा क्लोन (नेमका प्रकार) आणि रंग मध्येच बदलू नका.

आणि पहिल्या पॅसेजचा गेट पाचव्याला डकवू नका. जुन्या होत जाणाऱ्या पेशी मोठ्या होतात, न रंगवताही चमकतात, विशेषतः फिट्सी या हिरव्या रंगाच्या चॅनलमध्ये. दर पॅसेजला न रंगवलेली एक नळी ठेवा. ती नळी नसेल तर मी प्लॉट बघतच नाही.