गंजलेला एक्झॉस्ट: कोणता नट वाचवायचा, कोणता सरळ कापायचा

१९८९ साली आलेली पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ ही दोन सीटची उघडी गाडी ब्रिटनमध्ये अजूनही हौसेने चालवली जाते. हिवाळ्यात तिथल्या रस्त्यांवर टाकलेलं मीठ तिला खालून खात राहतं. एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनाचा धूर मागे नेणारी नळी, आतूनही कुजतो. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते, आणि गाडी दहा मिनिटं चालवून बंद केली की ते पाणी सायलेन्सरमध्येच साचतं.

पाइप बदलायला फार वेळ लागत नाही, दिवस जातो तो नटांमध्ये. म्हणून आधी वाटणी करून घ्या. मॅनिफोल्डमधले (इंजिनाला लागून असलेला एक्झॉस्टचा पहिला भाग) स्टड (डोकं नसलेले, कायम बसवलेले बोल्ट) आणि लॅम्डा सेन्सरचे (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) आटे जपायचे, कारण ते बिघडले तर महागडा भाग हातचा जातो. कॅटच्या (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) मागचे नट-बोल्ट मात्र वाचवत बसू नका, कापा.

आदल्या दिवशी तारेच्या ब्रशने आटे घासा आणि गंज सोडवणारं तेल तीन-चार वेळा सोडा. नट वाचवायचा असेल तर बारा कोनी सॉकेट वापरू नका, कडा गोल होतात. सहा कोनी घ्या. जपानी गाड्यांत एम१० च्या (१० मिमी जाडीच्या बोल्टच्या) नटाला बहुतेक १४ मिमीचा सॉकेट बसतो.

गाडी उचलताना दाराखालच्या पट्टीवर भरवसा नको. या गाडीची ती पट्टी मागच्या चाकापुढे हमखास सडलेली असते. जॅक पुढच्या क्रॉसमेंबरखाली (गाडीखालची आडवी तुळई) आणि मागे डिफरन्शियलखाली (मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) लावा, आणि चार स्टँड दिल्याशिवाय आत शिरू नका.

मॅनिफोल्डचा नट आधी किंचित आवळा, मग सोडवा. गंजाची पकड तुटताना कर्र आवाज येतो. नट पाव फेरा फिरला की तेल सोडून परत आवळा, असं मागे-पुढे करत बाहेर काढा. एका दमात ओढलात तर स्टड तुटेल. नट हललाच नाही तर गॅस टॉर्चने नट तापवा, स्टड नव्हे. नट फुगतो आणि पकड सुटते. त्याआधी पेट्रोलच्या आणि ब्रेकच्या नळ्या कुठून जातात ते पाहून घ्या, अग्निशामक जवळ ठेवा. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत कधीही नेऊ नका. क्लोरीनवाल्या क्लीनरपासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

स्टड तुटलाच तर उरलेल्या टोकावर नवा नट वेल्ड करून घेणं सगळ्यात खात्रीचं, कारण वेल्डिंगची उष्णताच स्टड सैल करते. इझी-आउटपासून (तुटलेल्या बोल्टात घुसवून तो उलटा फिरवायचं हत्यार) दूर राहा. ते आत मोडलं तर त्याच्या कडक पोलादात ड्रिल चालत नाही. ड्रिल करावंच लागलं तर मध्यबिंदू नीट ठोका. एम१० × १.२५ च्या (१.२५ मिमी म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) नव्या आट्यांसाठी ८.८ मिमीचं भोक लागतं. आरपार भोक असलेल्या फ्लँजला (पाइपच्या तोंडाची जोडणीची चकती) आट्यांची गरजच नाही. ते ११ मिमी करून बोल्ट-नट लावा.

लॅम्डा सेन्सर २२ मिमीचा असतो. नवाच बसवायचा असेल तर जुन्याची वायर कापून त्यावर खोल सॉकेट चढवा. नव्याच्या फक्त आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, टोकाला नाही. त्याच्या पुढे-मागे सिलिकॉन सीलंट वापरलं तर सेन्सर निकामी होतो.

पाइप टांगणारे रबरी हँगर साबणाच्या पाण्याने सरकवा. खनिज तेलाने रबर फुगतं.

जोडणीला सगळी पॅकिंग नवीन, नट पितळी किंवा तांब्याचा मुलामा दिलेले. स्टेनलेसवर स्टेनलेस घातलंत तर आटे एकमेकांना चिकटून जाम होतात, तिथे निकेल अँटी-सीझ हवंच. आधी सगळे नट हातानेच धरवा आणि पाइप कुठेही बॉडीला घासत नाही, किमान २० मिमी अंतर राहतं, हे बघा. मगच मॅनिफोल्डपासून मागे एकेक सांधा आवळा. टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचं तो आकडा, गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या.

उघड्या हवेत थंड इंजिन सुरू करा, मदतनीस टेलपाइपवर क्षणभर जाड कापड दाबून धरेल. सांध्यांवर साबणाचं पाणी शिंपडा. फेस आला तर गळती आहे. लॅम्डाच्या पुढे गळती राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) वाटतं आणि इंजिन फुकट पेट्रोल ओढू लागतं. शे-दीडशे किलोमीटर चालवून, गाडी पूर्ण थंड झाल्यावर सगळे नट पुन्हा तपासा. नवी पॅकिंग दबून बसलेली असते.