पडीक जुनी दफनभूमी लोकांसाठी हिरवी करताना

शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी १८६५ साली जेथे झाली, ती जागा मुळात वनस्पतिउद्यानाची होती. गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट यांचे थडगे तेथेच आहे. झाडे आणि थडगी एकत्र नांदू शकतात. मात्र दुर्लक्षित दफनभूमीचे काम कोयत्याने सुरू करू नये.

जागा चर्चची, विश्वस्त संस्थेची, नगरपालिकेची की पुरातत्त्व विभागाची, हे मिळकतीच्या कागदांवरून पाहून लेखी परवानगी घ्यावी, आणि जेथे अजून कुणी मेणबत्ती लावायला येते, त्या कुटुंबांशी बोलल्याशिवाय आराखडा आखू नये. शहरात झाड तोडण्यास १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसारही परवानगी लागते.

त्यानंतर नोंद करावी. प्रत्येक थडग्याला क्रमांक द्यावा, पण तो नकाशावर, दगडावर नव्हे. सकाळच्या किंवा उतरत्या, तिरप्या उन्हात लेखांची छायाचित्रे घ्यावीत, म्हणजे पुसट अक्षरेही सावलीने उठून दिसतात. वाचण्यासाठी अक्षरांत खडू किंवा कोळसा भरू नये.

घाणेरी आणि गाजर गवत काढताना हातमोजे व उंच बूट घालावेत, कारण दगडांच्या सांदीत फुरसे हा विषारी साप असू शकतो. बांधकामात रुजलेला पिंपळ किंवा उंबर मात्र कधीही उपटू नये. मुळांनीच अनेकदा सुटे दगड धरून ठेवलेले असतात, त्यामुळे खोड छाटून मुळे जागच्या जागी मरू द्यावीत आणि मगच सांधे भरावेत.

सर्वाधिक हानी उत्साहाने केलेल्या सफाईत होते, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्लाने संगमरवर झिजतो, तारेच्या ब्रशाने दगडावर ओरखडे पडतात आणि बसवलेली शिशाची अक्षरे सैल होतात. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. दगड भुसभुशीत झाला असेल, तर तेवढेही करू नये. चुन्याच्या जुन्या सांध्यांत सिमेंट भरल्यास ओल आत कोंडते व दगडाचे पापुद्रे सुटतात, म्हणून चुनाच वापरावा आणि त्यासाठी जाणता गवंडी शोधावा.

बाग त्यामानाने सोपी आहे. पायवाट थडग्यांमधून न्यावी, त्यांच्यावरून नव्हे. जमीन खोल खणू नये. बहावा, पळस अशी झाडे कडेला, थडग्यांपासून दूर लावावीत. थडग्यांलगतचे गवत विळ्यानेच कापावे, कारण यंत्राच्या फिरत्या दोरीने दगडाच्या कडा फुटतात.